नुकसानीचा हिशेब मांडणारी माणसे कोठून येणार?

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात बेटेगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हांस बोलावले ते ‘बँकेतील नोकरीच्या संधी’ या विषयावर. बँकेत बसणाऱ्या माणसाने त्याच विषयावर बोलावे हे साहजिक आहे. परंतु कार्यवाहांची परवानगी घेऊन आम्ही विषय बदलला. बँकेच्या परीक्षेला किती मुले बसतात आणि जागा किती निघतात, हे येथे बसलेल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यावर आम्ही नवीन काय सांगणार? आज आम्ही अशा एका व्यवसायाबद्दल बोलणार आहोत, ज्याचे काम आपल्या बेटेगावापासून जवळच चालते, पण ज्याची माणसे बहुधा मुंबई-ठाण्याहून गाडी करून येतात. तो व्यवसाय म्हणजे विमा सर्व्हेअरचा. कायद्याच्या भाषेत त्यास सर्वेक्षक व हानी निर्धारक म्हणतात.

सर्व्हेअर म्हटले की आपल्याकडे लोक आधी सातबारा शोधू लागतात. त्यांनाही दोष देता येत नाही. महामार्ग, मालगाड्यांचा स्वतंत्र रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर, एवढे सगळे एका जिल्ह्याच्या वाट्याला आले की मोजणीवाला माणूस घरोघरी ओळखीचा होतोच. आम्ही म्हणतो तो सर्व्हेअर जमीन मोजत नाही. तो जळालेला, भिजलेला, आपटलेला, फुटलेला माल मोजतो. कारखान्याला आग लागली, गोदामात पाणी शिरले, टेम्पो उलटला, यंत्र मोडले, की विमा कंपनी त्यास पाठविते. त्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात. घडले ते नेमके काय आणि कशामुळे? ते पॉलिसीच्या शब्दांत बसते का? आणि बसत असेल तर रुपयांत किती? ऐकावयास सोपे वाटते. पण या तीन प्रश्नांपायी लोक दहा-दहा वर्षे ग्राहक आयोगाच्या पायऱ्या चढतात.

आता बेटेगावच्या मेळाव्यात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या शेजारी राहणाऱ्याला याचे उत्तर शोधावे लागू नये. ८ मार्च २०१८ च्या रात्री एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, आग शेजारच्या कारखान्यांत पसरली, तीन माणसे गेली. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कोलवडे येथे स्फोट झाला. त्याचा हादरा आपल्यापैकी कित्येकांनी घरात बसून अनुभवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा स्फोट, ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळती आणि चार कामगारांचा मृत्यू. या झाल्या वर्तमानपत्रात आलेल्या गोष्टी. ज्यात माणूस गेला नाही अशा लहानसहान आगी तर कोणाच्या लक्षातही राहात नाहीत.

आग विझली की बातमी संपते, पण आपल्या घरांची गोष्ट तेथे सुरू होते. कारखान्याचे फाटक बंद होते. ठेकेदार सांगतो, कंपनी चालू झाली की फोन करतो. कंपनी चालू होणार यंत्रे आली की, यंत्रे येणार पैसा आला की, आणि पैसा येणार सर्व्हेअरचा अहवाल गेला की. मोठ्या कारखान्यांना तग धरता येते. पण ज्याने कर्ज काढून वीस-पंचवीस माणसांचा धंदा उभा केला, त्याचा दावा सहा महिने अडकला तर तो पुन्हा उभा राहातच नाही. मग ती वीस-पंचवीस माणसे नाक्यावर उभी राहतात. सर्व्हेअरने काम नीट केले की नाही, हे बेटेगावातल्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत दिसते. म्हणून या व्यवसायात पुढची पिढी कशी तयार होते, कोणाकडून शिकते आणि कोणाच्या घरातून येते, हा आपलाही प्रश्न आहे.

आमचा आणि या विषयाचा संबंध बँकेच्या टेबलावरून आला. कर्जदाराने गहाण टाकलेल्या मालाचा विमा असावा असा बँकेचा आग्रह असतो. पॉलिसीवर बँकेचे नाव असते आणि दाव्याचा पैसा बँकेमार्फत येतो. त्यामुळे सर्व्हेअर बँकेकडेही कागद मागावयास येतो. एक उदाहरण नाव न घेता सांगतो. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल केले आहेत.

पुठ्ठ्याची खोकी बनविणारा एक लहान कारखानदार. दर महिन्याला त्याने बँकेला मालाचे विवरणपत्र, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट द्यावयाचे. त्यात त्याने माल दाखविला ८० लाखांचा. जेवढा माल अधिक तेवढी उचल अधिक, हे कारण. विमा मात्र उतरविला ५० लाखांचा. जेवढा विमा कमी तेवढा हप्ता कमी, हे दुसरे कारण. पुढे आग लागली आणि १६ लाखांचा माल गेला. मालकाचे म्हणणे, विमा ५० लाखांचा आहे, त्यात १६ लाख सहज बसतात. पण तसे बसत नाहीत. विम्यात सरासरीचे कलम असते. ८० च्या मालावर ५० चाच विमा असेल, तर नुकसानीचाही ८० पैकी ५० एवढाच भाग मिळावयाचा. १६ गुणिले ५० भागिले ८०, म्हणजे १० लाख. सहा लाख मालकाच्या अंगावर.

मग मालक सांगू लागला की माल ८० लाखांचा नव्हताच. येथे माणूस दोन्हीकडून अडकतो. माल कमी होता म्हणावे तर बँक विचारते, आम्हांस काय लिहून दिले होते? माल होता म्हणावे तर सहा लाख जातात. दोन्ही कागदांवर सही त्याचीच.

ज्येष्ठ सर्व्हेअरबरोबर उमेदवारी करणारा एक तरुण आला होता. त्याने कागद बाजूला ठेवले आणि टेप काढली. गोदामाची लांबी-रुंदी घेतली. भिंतीवर धुराचा आणि होरपळीचा पट्टा कोठवर आहे ते पाहून थप्पी किती उंच असेल हे काढले. न जळलेल्या एका गठ्ठ्याचे वजन केले. त्यावरून दिसले की गोदाम छतापर्यंत भरले असते तरी ८० लाखांचा माल त्यात मावला नसता. मग खरेदीची बिले, विक्रीची बिले, वजनकाट्याच्या पावत्या आणि वीजबिले एकमेकांसमोर ठेवली. आकडा ५५ लाखांच्या आसपास आला. एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी ज्या ठरावीक भारत सूक्ष्म उद्यम व भारत लघु उद्यम पॉलिसी आल्या आहेत, त्यांत विम्याची रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तरी ती माफ धरली जाते. ५५ वर ५० म्हणजे त्या मर्यादेच्या आतच. सरासरीची कात्री लागली नाही. अर्धवट जळलेल्या मालाची किंमत आणि दावेदाराने सोसावयाचा ठरलेला भाग वजा जाऊन बाकीचे पैसे मिळाले. बँकेने आपला वेगळा हिशेब मालकाशी केला, तो विषय येथे नको.

एक टेप आणि वजनकाट्याची पावती, एवढ्यावर एका माणसाचे सहा लाख वाचले. हे पुस्तकात लिहिलेले आहे का? आहे. पण पुस्तक वाचून कोणी राखेत उभा राहून थप्पीची उंची मोजू लागत नाही. ते दुसऱ्याला करताना पाहावे लागते.

आमचे मुख्य म्हणणे हेच आहे. हा व्यवसाय सुतारकामासारखा, शिवणकामासारखा, उमेदवारीने शिकावयाचा आहे. कायद्यानेही ते मान्य केले आहे. विमा अधिनियम १९३८ मध्ये १९६८ साली झालेल्या दुरुस्तीने सर्व्हेअरला परवाना आवश्यक झाला. २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय मंजूर करावयाचा नाही, असे ठरले. पुढे ही मर्यादा वाढून मोटारीसाठी ५० हजार आणि इतरांसाठी १ लाख झाली. १९७३ साली सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले, खासगी कंपन्या आल्या, आणि २००५ साली सर्व्हेअरांची स्वतःची संस्था हैदराबादेत निघाली.  परवाना मागणाऱ्याने बारा महिने वरच्या श्रेणीच्या सर्व्हेअरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केलेले असले पाहिजे.

आता वाट कशी आहे ते विद्यार्थ्यांसाठी सांगतो. कायद्याने पात्रता ठरविली आहे. अभियांत्रिकीची पदवी, किंवा सनदी लेखापाल वा परिव्यय लेखापाल संस्थेचे सभासदत्व, किंवा विमागणिताची अर्हता, किंवा मान्यताप्राप्त विद्यापीठाची वा संस्थेची विमा विषयातील पदवी अथवा पदविका. पात्रता असली की सर्व्हेअरांच्या संस्थेत विद्यार्थी सभासद म्हणून नाव घालावयाचे, बारा महिन्यांची उमेदवारी करावयाची, आणि मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची, म्हणजे इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची, सर्व्हेअरची परीक्षा द्यावयाची. ही संस्था १९५५ पासून मुंबईत आहे. पुण्याला बालेवाडीत राष्ट्रीय विमा अकादमी आहे, ती १९८० ची. म्हणजे या विद्येची दोन मोठी केंद्रे आपल्याच राज्यात आहेत. कोणत्या विभागात काम करावयाचे तेही आधी निवडावे लागते. आग, सागरी माल, जहाज, अभियांत्रिकी, मोटार, नफ्याचे नुकसान, पीक आणि संकीर्ण असे विभाग आहेत आणि विभागानुसार पात्रता बदलते. श्रेणी तीन: लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो. नियमांत वरचेवर बदल होतात, तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा. कोणाच्या तोंडी सांगण्यावर, आमच्याही, विसंबू नये.

परीक्षा कठीण आहे, पण आपली मुले परीक्षांना घाबरत नाहीत. अडते ते बारा महिन्यांच्या दारात. उमेदवाराला कोणी घ्यावयाचे? ज्याचे वडील किंवा मामा सर्व्हेअर, त्याला दार उघडे असते. ज्याच्या घराण्यात कोणी हा धंदा पाहिलेला नाही, त्याने कोणाला विचारावे? शिवाय उमेदवारीत पैसा फारसा मिळत नाही. कोणी प्रवासखर्च देतो, कोणी तोही नाही. कंपनीत हेल्पर म्हणून लागला असता तर घरात पगार आला असता, तो पोरगा वर्षभर दुसऱ्याची बॅग धरून फिरतो, हे आईबापांना सोसत नाही. जे दार कायद्याने सर्वांना उघडे ठेवले, त्याचा उंबरठा असा पैशाने उंच झाला आहे.

वर आणखी एक अडचण गेल्या काही वर्षांत आली. लहान दावे आता फोटोवर निघतात. गाडीचा दिवा फुटला, दार चेपले, तर मालकाने मोबाइलवर चित्र काढून पाठवावे, दावा घरबसल्या मिटतो. लोकांची सोय झाली, याबद्दल तक्रार नाही. पण जुने सर्व्हेअर शिकले ते याच लहान दाव्यांवर. चेपलेल्या दारावर हात फिरवून पत्रा ठोकून नीट होईल की बदलावाच लागेल हे ठरविणे, हा त्यांचा पहिला धडा. मोटारीच्या विम्यात कोणत्या सुट्या भागाची घट किती धरावयाची याचे कोष्टक आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक ५० टक्के, फायबरग्लास ३० टक्के, काचेला घट नाही, आणि पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. हे कोष्टक पाठ करण्यास अर्धा तास पुरे. पण गॅरेजवाल्याने अंदाजपत्रकात आधीच्या अपघाताचे काम या अपघातात घुसडले आहे, हे ओळखावयास गंजाचा रंग पाहावा लागतो. ताज्या चिरेचा पत्रा चमकतो, जुन्या चिरेला गंज धरलेला असतो. फोटोत हे दोन्ही तपकिरी दिसू शकतात. पहिलीचे वर्ग बंद करून एकदम दहावीत बसविल्यासारखी नव्या मुलांची अवस्था झाली आहे. पहिलाच दावा समोर येतो तो एक लाखाच्या वरचा.

आणि गरज जेव्हा लागते तेव्हा ती एकदम लागते. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईत, ठाण्यात, भिवंडीच्या गोदामांत एकाच दिवशी पाणी शिरले. वाहने बुडाली, कापड भिजले, औषधे वाहून गेली. अशा वेळी उशीर हेच मोठे नुकसान असते. भिजलेले कापड दोन दिवसांत उघडून वाळविले तर निम्म्या किमतीला जाते. पंधरा दिवस गठ्ठ्यात राहिले तर कुजते आणि फेकण्याचा खर्च वर येतो. सर्व्हेअरने पहिल्या दिवशी येऊन ‘मोजले, आता वाळवा’ असे लेखी सांगणे, एवढ्यानेच लाखो रुपये वाचतात. पण तसे सांगावयास अनुभव लागतो आणि हिंमत लागते. नवशिका काहीही सांगावयास घाबरतो, मालक काहीही हलवावयास घाबरतो, आणि माल दोघांच्या देखत कुजतो.

मुंबईने याहून मोठी हानीही पाहिली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आसपासचा भाग बेचिराख झाला. तेव्हा नुकसानभरपाईसाठी सरकारला खास वटहुकूम काढावा लागला. कोणाचे काय गेले, त्याची किंमत किती, हा घरोघरचा आणि वखारीवखारीचा हिशेब तेव्हाही कोणीतरी माणसांनीच बसून केला.

आता आपल्या मुलांचे बलस्थान काय, ते पाहू. तारापूरच्या कारखान्यांत आपली माणसे दोन-तीन पिढ्या राबत आहेत. कोणी बॉयलरवर आहे, कोणी रिॲक्टरवर, कोणी गोदामात, कोणी फाटकावर. या घरांत जेवताना जे बोलणे होते, ते मुंबईच्या मुलाला शिकावयास दोन वर्षे लागतात. उदाहरण पाहा. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत स्फोटाचे नुकसान धरलेले असते, परंतु बॉयलर स्वतःच्याच स्फोटाने फुटला तर त्या बॉयलरचे नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते. तसेच, माल आपोआप तापून पेटला तर त्या मालाचे नुकसान मिळत नाही, ते जोखीम वाढवून घ्यावे लागते. तेव्हा सुरुवात कोठून झाली हा लाख मोलाचा प्रश्न ठरतो. बॉयलरची नोंदवही कोठे ठेवतात, सेफ्टी व्हॉल्व्हला शेवटचा हात कधी लागला, बॅच कार्डावर तापमान दर तासाला खरोखर पाहून लिहिले की पाळी संपताना एका बैठकीत सगळे भरले, हे कोणास विचारावे? सगळ्या रकान्यांत एकाच पेनाची, एकाच दाबाची अक्षरे दिसली की ज्याने पाळी केली आहे त्याच्या लगेच लक्षात येते. आणि कामगार कोणाशी मोकळे बोलेल? ज्याला हेल्परची भाषा येते त्याच्याशी. कारण शोधण्याच्या कामात ही ओळख कोणत्याही यंत्राहून उपयोगी आहे.

याचा अर्थ ओळखीच्या माणसाच्या बाजूने लिहावे असा कोणी घेऊ नये. सर्व्हेअरला विमा कंपनी नेमते आणि फीही तीच देते. समोर दावेदार हात जोडून उभा असतो. मध्ये गॅरेजवाला, भंगारवाला, दलाल यांची पाकिटे फिरत असतात. हे सर्वांना ठाऊक आहे, मग व्यासपीठावरून बोलावयास संकोच कशाचा? उमेदवार जसा टेप धरावयास शिकतो, तसा पाकीट घ्यावयासही गुरूकडूनच शिकतो. म्हणून कोणाच्या हाताखाली जावयाचे हे पाहून ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दोन निकालांत या कामाची जागा स्पष्ट केली. एकात सांगितले की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा पुरावा आहे, परंतु तो अखेरचा शब्द नव्हे. दुसऱ्यात सांगितले की आपल्याला हवा तसा अहवाल मिळेपर्यंत विमा कंपनीने एकामागून एक सर्व्हेअर नेमीत राहू नये. म्हणजे अहवाल असा हवा की दोन्ही पक्षांच्या वकिलांनी उलटापालटा करून पाहिला तरी त्यातील प्रत्येक आकड्याच्या मागे एक कागद, एक फोटो किंवा एक मोजमाप सापडावे.

आमची पदवी कला शाखेची, त्यामुळे एका गोष्टीकडे आमचे लक्ष अधिक जाते. हा अहवाल म्हणजे शेवटी लिखाण आहे. ‘आग शॉर्ट सर्किटने लागली’ आणि ‘आग शॉर्ट सर्किटने लागली असावी असे कामगारांनी सांगितले’ या दोन वाक्यांत कित्येक लाखांचे अंतर असते. अभियंत्यांची मुले आकड्यात हुशार असतात, पण वाक्य सैल सोडतात. पॉलिसी इंग्रजीत असते आणि तिच्यात ‘आणि’ आहे की ‘किंवा’ यावर निकाल फिरतो. तेव्हा कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी हे आपले क्षेत्र नव्हे असे समजू नये. विम्याची मान्य पदविका घेऊन काही विभागांची वाट त्यांनाही आहे. मुलींबद्दलही हेच. राखेत आणि शेडच्या पत्र्यावर मुलगी कशी चढेल, असे एका पालकांनी आम्हांस विचारले. त्यांचीच मुलगी रोज पहाटेच्या डहाणू लोकलमध्ये चढते. ज्याने ती गर्दी पाहिली आहे त्यास शिडीची काळजी वाटू नये.

एक गोष्ट मात्र या व्यवसायात यावयाचे त्याने आधीच समजून घ्यावी, कारण आपल्या माणसाला ती टोचणारी आहे. मालाच्या आणि यंत्राच्या दाव्यात सर्व्हेअर जो अहवाल देतो, त्यात माणूस नसतो. यंत्र आहे, शेड आहे, ड्रम आहेत, जळालेला कच्चा माल किलोच्या हिशेबाने आहे. ज्या स्फोटात हे गेले, त्यातच गेलेला कामगार त्या कागदावर आला तर घटनेच्या वर्णनात एका ओळीपुरता येतो. त्याच्या भरपाईची वाट वेगळी आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याने आणि १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने ती आखली, आणि ती आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली गेली आहे. १९४८ च्या त्या कायद्याची पूर्वतयारी, म्हणजे अदारकरांची कामगार आरोग्यविम्याची योजना, १९४४ साली आली तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते, हे येथे सांगणे अप्रस्तुत ठरू नये. कारखान्याबाहेरच्या रहिवाशाला इजा झाली तर १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आहे. भोपाळनंतर तो झाला आणि त्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. आता जिल्हाधिकारी कार्यालय पालघरलाच आहे, ठाण्याला जावे लागत नाही. या वाटा आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? यंत्राचा दावा मांडावयास कारखान्याकडे हिशेबनीस असतो, सल्लागार असतो; हजेरीपटावर नाव नसलेल्या ठेक्यावरच्या मजुराचा दावा मांडावयास कोणी नसते. ज्या मुलाला नुकसानीचे कागद वाचता येतात, तो आपल्या वस्तीत अशा घरी जाऊन बसला, हजेरीचा पुरावा, पगाराची नोंद, ठेकेदाराचा परवाना कोठे मागावयाचा हे सांगू लागला, तरी पुष्कळ झाले. त्यासाठी परवाना लागत नाही.

जाता जाता तारापूरकरांच्या उपयोगाचे एक. घराचा वा दुकानाचा विमा असेल तर त्यात किरणोत्सर्गाने झालेले नुकसान वगळलेले असते. अणुवीजकेंद्र १९६९ पासून येथे आहे, आणि त्या धोक्यासाठी देशात १५०० कोटींचा वेगळा विमा निधी उभा राहिला तो २०१५ साली. असो.

मंडळासमोर आमचे मागणे तीन आहेत. पहिले, दरवर्षी वह्यावाटपावर जो खर्च होतो त्यातील काही भाग बाजूला काढावा आणि वर्षाला एका, फक्त एकाच, उमेदवाराला बारा महिने दरमहा काही रक्कम द्यावी. रेल्वेचा पास, डबा आणि फोन एवढे भागले तरी घरचे त्याला अडविणार नाहीत. वह्या आता मुलांना मिळतात. वर्ष मिळत नाही. दुसरे, आपल्या भागातील आणि वसई-विरारपर्यंतच्या वरच्या श्रेणीच्या सर्व्हेअरांची यादी करून मंडळाच्या लेटरहेडवर त्यांना पत्र लिहावे की आमच्याकडे पात्र मुले आहेत, आपण एकाला हाताखाली घ्यावे. ज्याला मामा नाही त्याचा मामा मंडळाने व्हावे. तारापूरला येऊन-जाऊन ज्यांचा दिवस मोडतो, त्यांना येथला, कारखाने ओळखणारा, सकाळी पहिला पोहोचून फोटो आणि मोजमाप घेणारा मुलगा नको असेल असे आम्हांस वाटत नाही.

तिसरे काम आम्ही स्वतः करू. महिन्यातील पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मंडळाच्या खोलीत बसून आगीची, मोटारीची आणि कंत्राटदाराच्या सर्व जोखमीची अशा पॉलिसी ओळीओळीने वाचावयाच्या. बुलेट ट्रेनच्या कामाने ही तिसरी पॉलिसी आपल्या दाराशी आणली आहे. ज्यांच्याकडे जुनी, संपलेली पॉलिसी किंवा मिटलेल्या दाव्याचे कागद असतील त्यांनी नावे खोडून त्यांच्या झेरॉक्स द्याव्यात; शिकावयास त्यासारखे पुस्तक नाही. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले, पदवी झालेली आणि घरी बसलेली मुले-मुली, आणि बॉयलर वा देखभाल खात्यात दहा वर्षे काढलेले कोणी असतील तर तेही, सर्वांनी यावे. नावे घालण्याची वही कार्यवाहांच्या टेबलावर ठेवली आहे. येताना एक टेप आणावी, पाच मीटरची चालेल. पहिल्या रविवारी आपण ही खोलीच मोजणार आहोत.